सभासद क्रमांक एक्केचाळीस

३ मार्च, सोमवार

आजपासून काम सुरू. ग्रंथालयाने दिलेल्या नोंदवहीत तारीख, खोक्याचा क्रमांक, पानांची संख्या आणि सही एवढेच रकाने आहेत. माझ्या मनात काय आलं याला रकाना नाही, म्हणून ही वेगळी वही.

काम असं : ब्रश कामगार सहकारी मंडळीचं सगळं दप्तर, एकूण चौदा खोकी, एकेक पान स्कॅन करून संगणकात चढवायचं, आणि प्रत्येक फाइलला कोण, कधी, कशाबद्दल बोललं याची सूची जोडायची. मंडळी बंद पडून तीस वर्षं झाली. जूनअखेर ही खोली रिकामी करायची आहे. मग कागद दुसऱ्या शहरातल्या गोदामात जातील आणि तिथून कोणी ते पुन्हा बाहेर काढेल असं मला वाटत नाही. म्हणजे राहील ते मी केलेलंच.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "एक कंपनी तीन आठवड्यांत करून देतो म्हणत होती."

मी म्हटलं, "देईल की. दर दहाव्या पानावर कोणाचा तरी अंगठा दिसेल."

त्या हसल्या नाहीत, पण काम मला मिळालं.

शाळा माझी नववीत सुटली. झेरॉक्स मशिनं दुरुस्त करण्यात सव्वीस वर्षं गेली. यंत्राचं शिक्षण मी यंत्रालाच विचारून घेतलं, दुसऱ्या कोणाला विचारायला गेलो नाही. या स्कॅनरचीही काच मी पहिल्याच दिवशी उतरवून आतून पुसली. नियम ठरवले : लिखाण असेल तर इंचाला ३०० ठिपके, छायाचित्र असेल तर ६००. खोकी क्रमानेच घ्यायची. फाइलचं नाव वर्ष, सभा, पान या क्रमाने. मंडळी सालाचा आकडा लिहीत नसे, स्थापनेपासूनचं वर्ष मोजत असे. मीही तेच ठेवलं.

हे काम मी का मागून घेतलं ते बाईंना सांगितलं नाही. माझे वडील या मंडळीचे सभासद होते. क्रमांक एक्केचाळीस.

५ मार्च, बुधवार

धूळ झाडायला आणलेल्या ब्रशचे केस पानांवर पडतात आणि स्कॅनमध्ये काळ्या रेघा उमटतात. अकरा पानं पुन्हा करावी लागली. घरी येऊन ब्रश टेबलावर आपटला. आईने तो उचलला, केसांत बोट फिरवलं आणि म्हणाली, "गाठ मारलेलीच नाही, नुसतं चिकटवलंय. फेकून दे."

तिच्या पेटीत मंडळीचा एक जुना ब्रश निघाला. शेळीच्या केसांचा, मऊ, दांड्यावर मंडळीचा शिक्का. दांडा बाबांनी कातलेला. ते लेथ खात्यात होते, आई केस ओढायच्या खात्यात. ब्रशाच्या भोकांतून केसांचा जुडगा तारेने ओढून घ्यायचा, टोक उकळत्या राळेत बुडवून बसवायचं, हे तिचं काम. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं अजून गुळगुळीत आहेत, ठसे नाहीत. आधारकार्डाच्या वेळी मशीन तिचा अंगठाच ओळखेना.

१० मार्च, सोमवार

पहिलं खोकं. सभेच्या इतिवृत्तांची वही क्रमांक एक.

आधी नियमावली लावून वाचली. सभेत नाव घ्यायचं नाही, क्रमांक घ्यायचा. नावात माणसाची जात, बाप, वशिला सगळं दिसतं, क्रमांकात काही दिसत नाही. एका घरास भांडवलाचा एक भाग, एक क्रमांक, एक मत. दर महिन्याला अध्यक्ष बदलायचा. आणि शेवटचा नियम मला फार आवडला : सभा संपण्यापूर्वी प्रत्येक क्रमांकाला ओळीने विचारायचं, "तुमचे काही म्हणणे?" विचारल्याशिवाय सभा संपली असं धरायचं नाही.

सभा चौथी, पान नववं. तिथे पहिल्यांदा भेट झाली.

"क्र. ४१ यांचे म्हणणे : राळ उकळते त्या खोलीस खिडकी नाही. ज्यांनी इमारत आखली त्यांनी एक दिवस तिथे बसावे, मग खिडकी आपोआप सुचेल."

मी पंधरा मिनिटं पुढचं पान उलटलं नाही. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मला आठवतात ते ओसरीवर बसून दाढी करणारे, कमी बोलणारे बाबा. पण त्यांच्या अंत्ययात्रेला मंडळीचा एक म्हातारा सभासद माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता, "एक्केचाळीस म्हणजे सभेचा आवाज होता, पोरा." त्या एका वाक्यावर मी आजवर उभा आहे. आज तो आवाज वाचला.

शिवाय बघा, बाबा लेथवर काम करत. राळेच्या खोलीशी त्यांचा संबंध काय? तरी दुसऱ्या खात्याचा त्रास त्यांनी स्वतःचा मानला.

१६ मार्च, रविवार

ताई आली होती. दवाखान्यात नर्स म्हणून बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाली, आता आईची नाडी बघून हौस भागवते. आईच्या पायांना सूज आहे, जिना चढताना धाप लागते. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, या वयात एवढंच.

मी दोघींना खिडकीचं वाक्य वाचून दाखवलं. आई डोळे मिटून ऐकत होती. मी "मग खिडकी" इथवर आलो आणि ती म्हणाली, "आपोआप सुचेल."

"बघ ताई! बाबांनी तिला शब्दन् शब्द सांगितला होता."

ताई चहाची कपबशी पुसत होती. ती बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, तुम्ही आईला कधी काही विचारता का हो?"

"औषध घेतलंस का, हे रोज विचारतो."

"तेच म्हणते मी."

ताईचं बोलणं असं तिरकं असतं. माझ्या लग्नाचा विषय तिने वीस वर्षांपूर्वी सोडला, तेव्हापासून बाकी सगळ्या विषयांवर ती असंच बोलते.

२७ मार्च, गुरुवार

खोकं तिसरं. ब्रशमधून आजवर एकही केस पडलेला नाही.

वर्ष चौथं, सभा दुसरी : "क्र. ४१ यांचे म्हणणे : मूल कडेवर घेऊन केस ओढता येत नाहीत. तर केस ओढताना मूल कुठे ठेवायचे हे सभेने सांगावे. सांगता येत नसेल तर पाळणाघर काढावे." पुढे दोन पानं वाद. एक सभासद म्हणतात, ब्रशाच्या मंडळीने पाळणाघर काढायचं म्हणजे न्हाव्याने शाळा काढण्यासारखं आहे. त्यावर क्र. ४१ : "न्हाव्याची मुले शिकायला नकोत काय?" कंसात लिहिलंय, सभेत हशा.

पाळणाघर निघालं. मी त्यातच वाढलो. पण हे बाबांनी काढलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या काळात एका पुरुषाला हे सुचावं! काळाच्या किती पुढचा माणूस.

घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "सह्यांचं बुक आलं का?"

हजेरीबद्दल विचारते आहे. ते बुक चौदाव्या खोक्यात आहे. कधीतरी गळतीचं पाणी लागून पानं एकमेकांना चिकटली आहेत. प्रत्येक पान ओल देऊन, टिपकागद घालून, हाडाच्या पातळ पट्टीने सोडवावं लागेल. पानाला चाळीस मिनिटं तरी. म्हणून ते शेवटी.

"दाराशी डाव्या हाताला टेबल असायचं," ती म्हणाली. "सही केल्याशिवाय आत नाही. दौत कायम सांडलेली."

बाबा घरी येऊन किती बारकाईने सांगत असतील.

१३ एप्रिल, रविवार

आईला आज बरं वाटत होतं. रविवारी मी निवडक पानं तिला वाचून दाखवतो, हे आता ठरून गेलंय. एका पानावर मी वाचलं, "पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली," तर म्हणे, "पत्रा नंतर. तेव्हा कौलं होती."

मी म्हटलं, "आई, इतिवृत्तात पत्रा लिहिलाय."

"लिहिणाऱ्याला पावसाचा आवाज आवडायचा, म्हणून लिहिला असेल."

ताई खो खो हसली. मी सूचीत पत्राच ठेवला. लेखी पुराव्यासमोर आठवण चालत नाही, हा या कामाचा पाया आहे.

मग आई म्हणाली, "ते सह्यांचं बुक आधी घे ना."

"क्रमात शेवटी आहे."

"क्रम मोडता येत नाही का?"

"क्रम मोडला की सगळं मोडतं, आई. कोणती फाइल झाली, कोणती राहिली, काही कळत नाही."

"तेही खरंच," म्हणाली, आणि पाय वर घेऊन आडवी झाली. ताई चपला घालून निघून गेली. ती कशावरून रागावली ते कळलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

खोकं आठवं, वर्ष तेरावं. आजचा दिवस वाईट गेला.

ठराव आला : यापुढे ज्याच्या नावे भाग आहे त्यानेच सभेस बसावे, घरातल्या इतरांनी नाही. कारण दिलंय, गोंधळ टळेल.

"क्र. ४१ यांचे म्हणणे : हा ठराव मंजूर झाला तर आज या खोलीत बसलेल्यांपैकी निम्मे जण पुढच्या महिन्यात दाराबाहेर असतील. आपण कोणाला बाहेर काढतो आहोत ते मान वर करून एकदा बघा. पाळणाघर कोणी मागितले, खिडकी कोणी मागितली ते आठवा, मग हात वर करा."

बाजूने बावीस, विरुद्ध एकोणीस. ठराव मंजूर.

निम्मे जण दाराबाहेर, म्हणजे काय ते नीट उमगत नाही. वक्त्याची अतिशयोक्ती असावी. पण भाषण जबरदस्त आहे.

आणि मग पुढची सभा. ओळीने सगळ्यांना विचारलंय. "क्र. ४१ : काही म्हणणे नाही." त्यापुढची. "काही म्हणणे नाही." मी संध्याकाळपर्यंत पुढे पुढे बघत गेलो. क्रम मोडून नववं खोकंही उघडलं, हे इथे कबूल करतो. तीन वर्षं, बाबा जाईपर्यंत, चौतीस सभा. "काही म्हणणे नाही." आणि मतदानात प्रत्येक वेळी, कसलाही ठराव असो, अगदी नवी घागर घेण्याचा असो : तटस्थ एक, क्र. ४१.

एक मत हरलं म्हणून माणूस असा मोडतो? ज्या माणसाने खिडकी मागितली त्याने घागरीलाही हात वर करू नये?

२२ एप्रिल, मंगळवार

कामावर गेलो नाही. आईला विचारलं. हो, विचारलं.

"बाबा नंतर गप्प का झाले?"

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "ते पहिल्यापासून गप्पच होते रे."

"मी सभेतलं म्हणतोय."

"मीही."

तिला आता प्रश्न नीट पोचत नाहीत. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की घाबरले असतील, दुसरं काय, शेवटी आपला माणूस म्हणून किती झाकायचं. तेव्हा ती सोलायची थांबली. माझ्या आठवणीत ती माझ्यावर कधी रागावलेली नाही. आज रागावली. "त्यांना भित्रा म्हणू नकोस. तेवढं कळलं ना? बाकी काही कळलं नाही तरी चालेल."

मग तिला खोकला लागला आणि बोलणं तिथेच राहिलं.

६ मे, मंगळवार

सूचीचं काम. प्रणालीत प्रत्येक फाइलला 'वक्त्याचे नाव' असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. क्रमांक आणि नावं यांची मूळ सभासदवही हरवलेली आहे. पण दहाव्या खोक्यात छापील यादी सापडली, नीट, अकारविल्हे, वर्ष चौदावं. ४१ समोर बाबांचं नाव.

एकशे अठरा फाइलींत क्र. ४१ बोलले आहेत. एकशे अठरा वेळा बाबांचं नाव टाइप केलं. कॉपी करता आलं असतं, केलं नाही. नंतरच्या चौतीस 'काही म्हणणे नाही'लाही तेच नाव टाकलं. नोंद म्हणजे नोंद.

सगळं चढवलं. आता जगात कुठेही बसून कोणीही ते नाव शोधलं की खिडकी निघेल, पाळणाघर निघेल. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "एकदा चढवल्यावर बदल करायचा तर दर फाइलला कारण द्यावं लागतं, बरं का. नीट तपासलंत ना?"

मी म्हटलं, "बाई, मी तपासलेलं पुन्हा तपासायला लागत नाही."

१२ मे, सोमवार

आईला दवाखान्यात ठेवलंय. छातीत पाणी झालंय. ताई रात्रंदिवस तिथेच. मी कामावरून दुपारी जातो.

आज आई स्पष्ट बोलत होती. "कितव्या खोक्यावर आलास?"

"अकराव्या."

"म्हणजे सह्यांचं कधी?"

"जूनच्या पहिल्या आठवड्यात. तुला घेऊन जाईन. खुर्चीत बसवून नेईन, तिथे लिफ्ट आहे."

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. त्या गुळगुळीत बोटांवर. "जून," म्हणाली.

मी तिला आनंद व्हावा म्हणून सांगितलं की बाबांचं नाव एकशे अठरा फाइलींत कायमचं गेलं. तिने माझा हात धरला, थोपटला. "चांगलं केलंस हं. मेहनत घेतलीस." ताई एकदम उठून व्हरांड्यात गेली.

मी तिच्या मागे गेलो. "काय झालं?"

"काही नाही. तू जा, तुझी खोकी बघ."

"ताई, नीट बोल."

"आईने शपथ घातलीय," ती म्हणाली, "आणि तुला विचारायची सवय नाही. दोघांच्या मध्ये मी मेले."

परत आत आलो तर आई झोपली होती. ताई थकली आहे.

१५ मे, गुरुवार

आई गेली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

२ जून, सोमवार

मधले दिवस लिहिण्यासारखे नाहीत. आज परत कामावर गेलो. बारावं खोकं संपवलं. ब्रश हातात घेतल्यावर पंधरा मिनिटं काम झालं नाही.

११ जून, बुधवार

चौदावं खोकं.

सह्यांच्या बुकाची पहिली पाच पानं सोडवली. ओल, टिपकागद, पट्टी. घाई केली तर शाई कागदासकट निघते. पाचही पानांवर वरच्या ओळी पाण्याने गेल्या आहेत, सत्तावीसच्या खालचे क्रमांक दिसतात, पण एक्केचाळिसावी ओळ बरोबर घडीवर येऊन पुसली आहे. उद्या सहाव्या पानाची घडी उलगडेन.

१२ जून, गुरुवार

सहाव्या पानाची घडी दुपारी सव्वाबारा वाजता उलगडली.

क्र. ४१ समोरची सही टपोरी, जरा उजवीकडे झुकलेली, शेवटच्या अक्षराखाली एक आडवी रेघ आणि ती रेघ परत मागे वळवलेली. ही सही मी ओळखतो. सातवी, आठवी, नववीची पहिली सहामाही, प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' या ओळीवर हीच होती. बाबा तेव्हा नव्हते.

मी पुढची पानं सोडवली. नियमाप्रमाणे चाळीस मिनिटं द्यायला हवी होती, दिली नाहीत, दोन ठिकाणी कागद फाटला. सातवं. आठवं. नववं. सगळीकडे तीच रेघ. एका पानावर सहीवर शाईचा डाग आहे आणि डागात लहान मुलाच्या बोटांचे ठसे आहेत.

दौत कायम सांडलेली.

आज आणखी काही लिहू शकत नाही.

१५ जून, रविवार

ताईकडे गेलो. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उघडलंस."

"तुला माहीत होतं."

"मी तिच्या मांडीवर बसून सभा ऐकल्यात. सहा वर्षांची होते. ते ठसे माझे असतील, मी दौतीत हात घालायचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू अंत्ययात्रेहून आलास तो त्या म्हाताऱ्याचं वाक्य घेऊन. चार दिवस जेवला नाहीस, जेवलास तो त्या वाक्यावरच. आई म्हणाली, त्याला बाप तेवढाच उरलाय, राहू दे. मोठा झाला की आपण होऊन विचारेल, तेव्हा सांगू." ताईने नाक पुसलं. "मग तू इतका मोठा झालास, की तुझ्याशी बोलायचं म्हणजे लेखी पुरावा आणावा लागायचा. तुझं हे काम लागल्यावर तिला वाटलं, आला पुरावा. आता मला काही बोलावं लागायचं नाही, तो स्वतःच वाचेल. म्हणून रोज विचारायची."

मग मी बाबांबद्दल विचारलं. चौतीस सभा, काही म्हणणे नाही, घागरीलासुद्धा तटस्थ.

"भाग बाबांच्या नावावर होता. ठराव झाल्यावर बसायला त्यांनाच जावं लागायचं, नाहीतर क्रमांक रद्द झाला असता. निघताना आईला म्हणायचे, तुझी खुर्ची धरून येतो गं. ते मत तिचं आहे म्हणायचे, मी कसा हात वर करू?"

ताई चहा करायला उठली. मी तिथेच बसलो. माझ्या बापाला मी भित्रा म्हटलं, त्याच्या बायकोसमोर.

१७ जून, मंगळवार

छापील यादी पुन्हा काढून बघितली. वर्ष चौदावं. ठराव तेराव्या वर्षीचा. यादी ठरावानंतरची आहे, म्हणजे भाग ज्याच्या नावे त्याची आहे, बोलणाऱ्याची नाही. वर्ष मी स्वतः लिहून घेतलं होतं, याच वहीत, नीट अक्षरात. एका घरास एक क्रमांक हेही लिहून घेतलं होतं. राळेची खोली, कडेवरचं मूल, सगळं माझ्याच हातचं. दुसऱ्या कोणी अशी चूक केली असती तर मी त्याला खोलीबाहेर काढला असता.

आणखी बघितलं. बाराव्या-तेराव्या वर्षीच्या सह्यांत एक्केचाळीसपैकी एकोणीस सह्या बायकांच्या वाटतात. नंतरच्या पानांवर एकही नाही. सभेत नाव घ्यायचं नाही, म्हणजे सगळे सारखे, असा त्यांचा विचार होता. तो विचार चांगलाच होता. पण त्यामुळे बाहेर कोणाला काढलं, हे इतिवृत्तात कुठे दिसत नाही. फक्त या ओल्या बुकात दिसतं.

सहीची सगळी पानं ६०० वर स्कॅन केली. नियमात ६०० छायाचित्रांना आहे. मग असू दे.

आणि पत्र्याच्या शेडची नोंद बदलली. कौलं होती.

२६ जून, गुरुवार

खोकी बांधली. परवा गाडी येईल. ब्रश माझ्याकडे ठेवला, तो दप्तरातला नाही.

दुरुस्त्या आज पूर्ण केल्या. बाकीच्या अठरा क्रमांकांसमोर सही वाचता आली तिथे नाव घातलं, नाही तिथे 'स्त्री सभासद, नाव अज्ञात'. त्यांची मुलं कुठेतरी असतील. कोणी शोधलं तर सापडावं.

बाबांच्या चौतीस नोंदी तशाच ठेवल्या. काही म्हणणे नाही, तटस्थ. त्या त्यांच्याच आहेत, आणि आता मला त्यांतली एकही कमी करायची नाही.

मग एकशे अठरा फाइली. नाव पुसायचं, आईचं नाव लिहायचं, पुढच्या रकान्यात बदलाचं कारण द्यायचं. आधी मी कागदावर लिहिलं, 'वर्ष १४ च्या यादीवर विसंबल्यामुळे आणि हजेरीबुक पाण्याने खराब झाल्याने ओळख पटवण्यास विलंब...' रकान्यात चाळीसच अक्षरं मावतात. बरं झालं. वाचून बघितलं तर सगळा दोष पाण्यावर टाकला होता.

ग्रंथपालबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "कारण सगळीकडे एकच आहे ना? मग एकदा लिहून बाकीकडे चिकटवा की."

मी मान हलवली, पण चिकटवलं नाही. एकशे अठरा वेळा हाताने टाइप केलं. संध्याकाळचे पाच वाजले.

बदलाचे कारण : विचारले नाही.